जमिलाबीला न बसणारा झटका

जळकोटात आयुब गिरणीवाल्याला लोक दोन गोष्टींवरून ओळखत. एक त्याच्या इंजिनाचा आवाज आणि दुसरा त्याचा राग. दोन्ही एकदा सुरू झाले की लवकर थांबत नसत. पण गिरणी चालत होती ती त्याच्या बायकोच्या, जमिलाबीच्या जिवावर. आयुब मागच्या खोलीत इंजिनाशी झटायचा, तिथून भिंतीच्या भोकातून पट्टा पुढं यायचा आणि पुढच्या खोलीत जातं फिरवायचा. तिथं जमिलाबी उभी. कुणाची बाजरी जाडसर, कुणाची ज्वारी पिठूळ, कुणाच्या डाळीत खडे, हे तिला डबा बघूनच कळायचं. बायका तिच्याकडं दळण आणत, त्याबरोबर सासूच्या तक्रारीही आणत, आणि दोन्ही बारीक करून घेऊन जात.

थंडीत जमिलाबीचे गुडघे धरायचे. जमीन सारवलेली आणि पिठाची धूळ बसावी म्हणून ती सकाळीच पाणी शिंपडायची, त्यामुळं तळवे गार पडत. म्हणून तिनं चहाचं एक रिकामं लाकडी खोकं मिळवलं होतं, त्यावर घोंगडं चौघडी करून टाकलं होतं, आणि दिवसभर ती त्यावर उभी राहायची. इंजिन सुरू व्हायच्या आधी चढायची, बंद झाल्यावरच उतरायची. एक हात कायम धान्य ओतायच्या पत्र्याच्या तोंडावर, दुसरा गिऱ्हाइकाच्या डब्याला.

संयुक्त महाराष्ट्र होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. त्या थंडीत आयुबनं दोन नव्या गोष्टी केल्या. चामड्याचा जुना पट्टा फेकून सोलापूरहून रबराचा कोरा पट्टा आणला, आणि गिरणी फार हादरते म्हणून ती दगडावरून उचलून सागवानाच्या जाड तुळयांवर बसवली. गिरणी खरोखर हादरायची थांबली. आयुब चार दिवस मिशीला पीळ देत हिंडला. तिसरी गोष्ट सरकारनं केली. त्याच पंधरवड्यात हमरस्त्याच्या कडेनं विजेचे लोखंडी खांब उभे राहिले. अजून तारा नव्हत्या. नुसते खांब आणि त्यांच्या डोक्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या वाट्या. म्हातारी माणसं त्या वाट्या बघायला काठी टेकत यायची आणि चहा कोण ओतणार म्हणून हसायची.

मग एका सकाळी हरणाबाई बाजरी घेऊन आली.

हरणाबाई म्हणजे वरच्या गल्लीतल्या बायकांची न निवडलेली सरपंच. वय पंचावन्न, हातात चांदीचे जाड गोट, आणि बोलणं असं की एकदा तिनं सांगितलं की गावात दवंडी वेगळी द्यायला नको. पण मनानं मऊ. जमिलाबीच्या दोन्ही बाळंतपणांत शेकशेगडी तिनंच केली होती. जमिलाबी तिला अक्का म्हणायची आणि खरोखर मानायची.

बाजरी दळून झाली. इंजिन चालूच होतं. जमिलाबीनं लोखंडी डबा पुढं केला, हरणाबाईनं हात लावला, आणि चट्ट आवाज झाला. बोटाच्या टोकाशी निळी ठिणगी उडाली. डबा खाली, पीठ जमिनीवर, आणि हरणाबाई दोन हात मागं.

"अगं आई गं! जमिले, काय केलंस गं मला?"

"मी काय केलं, अक्का?"

"इंचू डसला हाताला! कोपरापातूर कळ गेली!"

इंजिन बंद झाल्यावर जमिलाबीनं डबा उचलून पाहिला, आत-बाहेर हात फिरवला. विंचू नव्हता, काही नव्हतं. सांडलेलं पीठ तिनं आपल्या घरच्या बाजरीच्या पिठातून भरून दिलं आणि गोष्ट संपली असं तिला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी एकीला पत्र्याला हात लागून बसला, तिसऱ्या दिवशी दोघींना डब्याला बसला. वारं कोरडं आणि बोचरं सुटलं होतं. जितकं वारं जास्त, तितके झटके जास्त. बायका पदराच्या टोकानं डबा धरायला लागल्या.

"आन तुला गं कसा बसत न्हाय?" एकीनं विचारलं.

"मला कुठं बसतोय? हे बघा की." जमिलाबीनं भोळेपणानं पत्र्यावर दोन्ही हात पालथे घातले, उलटे घातले, कोपरसुद्धा टेकवलं. काही झालं नाही. ती हसली. समोरच्या पाच बायका मात्र हसल्या नाहीत. आपण निर्दोष असल्याचा पुरावा म्हणून तिनं जे दाखवलं, तेच तिच्या अंगाशी आलं.

संध्याकाळपर्यंत हरणाबाईनं निकाल दिला. रस्त्यावर खांब आले आणि आठ दिवसांत गिरणीत करंट आला, याचा अर्थ दूध पिणाऱ्या पोरालाही कळेल. आयुबनं सरकारची वीज चोरून आणली. कुठं हात लावायचा आणि कुठं नाही, ते नवरा-बायकोला ठाऊक, म्हणून त्यांना बसत नाही. झटका बसतो तो गिऱ्हाइकाला.

आयुबच्या कानावर हे आलं तेव्हा तो तेलकट हातानंच रस्त्यावर धावला. "अहो, खांबावर तारच न्हाय! तारच न्हाय तर वीज काय टोपलीत भरून आणली म्या?"

"वरनं तार न्हाय म्हणूनच तर खालनं आणली असंल," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि चार डोकी हलली. आयुबनं शिव्या दिल्या, आणि त्यामुळं उरलेल्या चार डोक्यांचीही खात्री पटली.

येळवस आठ दिवसांवर आली होती. ही अमावास्या म्हणजे या भागातला वर्षाचा मोठा सण. घरटी बाजरीचे उकडलेले उंडे, आंबील, भाज्या-शेंगांची भज्जी, सगळं डोक्यावर घेऊन रानात जायचं, कडब्याच्या खोपीत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, काळ्या आईला नैवेद्य दाखवायचा आणि येईल त्याला आग्रह करून जेवू घालायचं. या आठवड्यात गिरणीपुढं डब्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची. यंदा गिरणीपुढं एक कुत्रं झोपलं होतं. हरणाबाईनं सगळ्या गल्लीला विचारलं होतं, "चोरीच्या विजेचं पीठ काळ्या आईला कसं दावायचं गं?"

भल्या सकाळी जमिलाबी दारात उभी राहिली की घराघरांतून जात्यांची घरघर ऐकू यायची. चार वर्षं कोपऱ्यात पडलेली जाती बायकांनी झाडून पुसून काढली होती. सवय मोडलेली, खांदे भरून आले, हाताला फोड आले. पण बोलायची सोय नव्हती, कारण तोंडानं गिरणी सोडली होती आणि हातानं जातं धरलं होतं. जमिलाबीला त्या घरघरीचं फार वाईट वाटायचं. धंदा बसला म्हणून नव्हे, धंदा आज बसतो उद्या उठतो. पण अक्कानं आपल्याला चोर म्हणावं? वाटेत भेटली तर अक्का पदर सावरून दुसऱ्या बाजूनं जायची. जमिलाबी घरात येऊन चुलीपुढं बसून रडली, आणि धुराचं निमित्त सांगायला चूलही पेटलेली नव्हती.

गिरणीत आला तो फक्त पंचाक्षरी गुरुजी. शाळेत सायन्स शिकवणारा, उंच, वाळका, बायको माहेरी गेल्यामुळं स्वतःच ज्वारीची पिशवी घेऊन हिंडणारा. त्याला गावातली बातमी सगळ्यांत उशिरा कळायची. त्यानं डब्याला हात लावला, चट्ट झालं, आणि जमिलाबीनं डोळे मिटून घेतले. आता हाही ओरडणार.

"वा!" गुरुजी म्हणाला. "वा वा! परत एकदा." आणि त्यानं पुन्हा हात लावला. तीनदा लावला. तिसऱ्यांदा तर टाळी वाजवली. आयुब मागून येऊन बघत राहिला. माणूस वेडा झाला असेल तर त्याचाही दोष गिरणीवरच येणार होता.

"भाभी, ही चोरीची वीज नव्हे. ही घासण्याची वीज," गुरुजी म्हणाला. "रबराचा पट्टा लोखंडी चाकावर दिवसभर घासतो, चिकटतो, सुटतो. सुटताना एकाचं थोडं दुसऱ्याकडं जातं. एकावर एका जातीचा भार साठतो, दुसऱ्यावर उलट्या जातीचा. सारखे भार एकमेकांना ढकलतात, उलटे एकमेकांना ओढतात. पट्ट्याला पीठ उडून चिकटत असेल बघा."

"चिकटतं की," जमिलाबी म्हणाली. "केसावानी उभं ऱ्हातं."

"हां! तेच ते."

"मग खांबावर येणार हाय ती कुठली?"

गुरुजीनं इकडंतिकडं पाहिलं आणि पत्र्याच्या तोंडात आपली ज्वारी ओतली. "हे बघा. वर भरली, खाली वाट बंद आहे. दाणा नुसता बसलाय. ही बसलेली वीज, पुस्तकात तिला स्थिर विद्युत म्हणतात. तुमच्या गिरणीत ती साठते, हात लागला की एका दमात सांडते आणि संपते. आता खालची फळी सरकवा. धार लागली. ही चालती वीज. खांबावर येईल ती अशी असेल. मागून सतत कुणीतरी लोटत राहणार, आणि ती तारेतून फेरी पुरी करून निघाली तिथं परत जाणार. फेरी मध्ये तुटली की धार थांबली. वीज तीच, भाभी. एक बसलेली, एक चालती."

जमिलाबीला ते पटलं. रोज हाताखालून जाणारी गोष्ट होती. आयुबला फक्त एवढंच कळलं की तो चोर नाही, आणि तेवढं त्याला पुरेसं होतं. "मग हे गावाला सांगा की गुरुजी! माझ्या बापानं केलं न्हाय ते माझ्या माथी मारलंय!"

"सांगतो. सांगून नाही, दाखवून देतो," गुरुजी म्हणाला. पोरांचा सायन्सचा तासही होईल, म्हणून तो फारच खूश झाला.

रविवारी सकाळी गुरुजीनं सातवीचा अख्खा वर्ग गिरणीपुढच्या अंगणात आणून उभा केला आणि पोरांकरवी घरोघरी निरोप धाडला. तमाशाला कोण येत नाही? निम्मं गाव आलं. हरणाबाई पुढच्याच रांगेत बसली, कारण आली नसती तर घाबरली असं झालं असतं. जमिलाबी नेहमीसारखी खोक्यावर उभी होती. तिनं अक्काकडं पाहिलं. अक्कानं खांबाकडं पाहिलं.

गुरुजीनं ठरवलं होतं ते सोपं होतं. पोरांनी कंगवा केसांवर घासायचा, कागदाच्या कपट्यांजवळ न्यायचा, कपटे उडून कंगव्याला चिकटणार. घासल्यानं वीज होते हे सिद्ध. पुस्तकात चित्रही होतं. पण त्या चित्रातल्या पोराच्या डोक्याला तेल नव्हतं. जळकोटातल्या आयांनी मात्र रविवारची सभा म्हणून पोरांची डोकी अशी चोपडली होती की कानांवरून ओघळ आले होते. अकरा पोरांनी अकरा कंगवे घासले. कपटे हलले नाहीत. चिकटले ते तेलानं, आणि मग सुटले नाहीत.

"गुरुजी, कागदं निजली का काय?" मागून एक आवाज आला आणि अंगण खदखदलं.

गुरुजीनं स्वतःचा कंगवा काढला. पण त्याच्या डोक्यावर घासण्याजोगं फारसं उरलं नव्हतं.

हरणाबाई उठली. "शाळेत असलंच शिकिवता व्हय? बरं, ते ऱ्हाऊ द्या. घासल्यानं होते म्हणता, होत असंल. म्या अडाणी बाई. मला एवढंच सांगा, सगळ्यांना बसतो तर हिला एकलीलाच का बसत न्हाय? गिरणी हिची, दिवसभर हात हिचा. एवढं सांगा आन म्या घरला जाते."

खरं सांगायचं तर हा प्रश्न गुरुजीच्या डोक्यातच आला नव्हता. तो हनुवटी खाजवायला लागला. आयुबच्या कपाळाची शीर फुगली. आज जर उत्तर मिळालं नाही, तर पुन्हा कधी मिळणार नाही, आणि आपण जन्मभर अक्काच्या तोंडी चोरच राहू, हे जमिलाबीला कळून चुकलं. ती कुणाकडंच न बघता दारातून बाहेर बघत राहिली. समोर खांब होता.

"गुरुजी," ती एकदम म्हणाली, "त्या खांबावर पांढऱ्या वाट्या कशाला लावल्यात हो?"

गुरुजीला प्रश्न बदलला याचाच आनंद झाला. "तार त्या वाट्यांवर बसते. खांब लोखंडी. तार खांबाला टेकली तर वीज खांबातून जमिनीत उतरून जाईल. चिनी मातीतून वीज जात नाही, म्हणून मध्ये वाटी."

"चिनी मातीतनंच जात न्हाय?"

"तसंच काही नाही. काचेतून जात नाही, रबरातून जात नाही…"

"वाळल्या लाकडातनं?"

"नाही जात."

"लोकरीतनं?"

"कोरडी असेल तर… नाही…" गुरुजीचा आवाज हळू होत गेला. तो तिच्या पायांकडं बघायला लागला. जमिलाबीही आपल्या पायांकडंच बघत होती. घोंगडं, घोंगड्याखाली खोकं, खोक्याखाली ओली जमीन.

"गुरुजी," ती म्हणाली, "मग म्या रोज वाटीवर उभी ऱ्हाते की!"

गुरुजीनं कपाळावर हात मारला. "आणि गिरणीसुद्धा! सागवानावर बसवलीय! साठलेली वीज जमिनीत जायला वाटच नाही. तुमच्यातही तीच भरते, म्हणून तुम्हाला कळत नाही. बाकीच्या अनवाणी, ओल्या जमिनीवर. त्यांचा हात लागला की सगळी त्यांच्यातून…"

पण जमिलाबीला पुढचं ऐकायचं नव्हतं. "इंजिन लावा," ती आयुबला म्हणाली. आयुबनं चाक फिरवलं, इंजिन खोकलं, धरलं. पट्टा सळसळायला लागला. मग जमिलाबीनं त्या थंडीत कधी केलं नव्हतं ते केलं. गिरणी चालू असताना ती खोक्यावरून खाली उतरली आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभी राहिली. गुडघ्यातून कळ आली. तिला भीती वाटत होती, आणि भीतीही दोन प्रकारची होती. झटका बसेल याची थोडी आणि बसला नाही तर, याची फार. बायका उठून दारात गोळा झाल्या. तिनं डोळे मिटले, मनात अल्लाचं नाव घेतलं आणि बोट पत्र्याकडं पुढं केलं.

चट्ट!

"बसला!" जमिलाबी ओरडली. तिनं हात झटकला, तोंडात बोट घातलं, आणि पुन्हा ओरडली. "बसला! अक्का, मला बसला! या खुदा, काय जोरात बसला!" ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आजवर करंट बसून एवढी आनंदलेली बाई जळकोटानं पाहिली नव्हती. आयुब भिंतीच्या भोकाला डोळा लावून बघत होता. त्याला बायको नाचताना दिसली आणि त्याचा राग आयुष्यात पहिल्यांदाच इंजिनाच्या आधी बंद पडला.

गुरुजी पोरांना ओरडून सांगत होता, "लिहून घ्या रे!" आणि एकाकडंही पाटी नव्हती. मग त्यानं उपाय सांगितला. बैलाची लोखंडी साखळी आणायची, एक टोक गिरणीच्या पायाला, दुसरं टोक ओल्या जमिनीत ठोकलेल्या पहारीला. वीज साठायच्या आधीच खाली उतरून जाईल. आयुब साखळी आणायला धावला.

"थांबा," हरणाबाई म्हणाली.

सगळे थांबले. ती दारातून आत आली. चपला तिनं कधीच घातल्या नव्हत्या. ती ओल्या जमिनीवर, अगदी मध्ये, पाय घट्ट रोवून उभी राहिली.

"जमिले, चढ खोक्यावर. तो हात पत्र्याला लाव. आन हा मला दे."

"अक्का, नको. लागंल."

"लागू दे. त्या दिशी न मागता बसला, तर म्या तुला चोर म्हणलं. आज मागून घेते. दे म्हणते न्हवं?"

जमिलाबी खोक्यावर चढली. एक हात पत्र्यावर टेकवून तिनं दुसरा पुढं केला. हरणाबाईनं आपलं बोट तिच्या बोटाजवळ नेलं, आणि दोन बोटांच्या मध्ये निळी ठिणगी चटकली. हरणाबाईच्या तोंडून "हाय गं!" निघालं, पण हात तिनं मागं घेतला नाही. जमिलाबीचं बोट मुठीत घट्ट धरून ती उभी राहिली. गिरणी चालू होती, पट्टा सळसळत होता.

"चुकलं माझं," शेवटी हरणाबाई म्हणाली, इंजिनाच्या आवाजावरून सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "जमिले, ज्या ज्या दारात जाऊन म्या तुझं नाव घेतलं, त्या त्या दारात आता परत जाते. तीस-पस्तीस दारं असतील. तू बी चल माझ्यासंगं. तुझ्यादेखत सांगते."

जमिलाबीनं तिच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. अंगणातल्या निम्म्या बायका केव्हाच घरी धावल्या होत्या आणि आता डोक्यावर डबे, काखेत पिशव्या घेऊन परत येत होत्या, फोडांचे हात पदरात लपवत, एकमेकींना कोपरानं मागं सारत. रांग रस्त्याला लागली होती, आणि आयुब साखळी बांधून पहार ठोकत होता.

"म्या कशी येऊ, अक्का?" ती डोळे पुसत म्हणाली. "तुमचं तुमीच जाऊन या. मला दळण हाय."